लक्ष्यवेधी औषधे आणि दीर्घकालीन रक्तकर्करोग : गोळीनंतरचे प्रश्न

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे दवाखान्यात आणि रुग्णांच्या बोलण्यात ज्याला नुसते ‘सीएमएल’ म्हणतात तो रक्ताचा कर्करोग, वैद्यकाच्या इतिहासात वेगळा काढून अभ्यासावा लागतो. या रोगाचे मूळ एका नेमक्या जनुकीय बिघाडात आहे हे आधी सिद्ध झाले, आणि नंतर त्याच बिघाडावर नेम धरून औषध घडवण्यात आले. असा प्रवास पूर्ण करणाऱ्या कर्करोगांत तो अगदी पहिल्या काहींपैकी आहे. अशा औषधांना लक्ष्यवेधी औषधे म्हणतात, कारण वाढणाऱ्या सर्वच पेशी सरसकट मारण्याऐवजी ती रोगाला चालना देणाऱ्या एका विशिष्ट रेणूला अडवतात. गेल्या पंचवीस वर्षांत अशी अर्धा डझन औषधे आली, आणि त्यांतील नवे औषध जुन्यापेक्षा चांगले असणारच असा एक सोयीस्कर समजही त्यांच्याबरोबर आला. प्रस्तुत व्याख्यानात मांडलेले मत थोडे वेगळे आहे. नव्या औषधांचे स्थान खरे आहे, पण ते अरुंद आहे. आणि कोणत्या रुग्णाला ते कधी द्यायचे हे ठरते एका रक्ततपासणीवर, जी यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनसारख्या गावापर्यंत गोळीइतक्या सहजपणे अजून पोचलेली नाही.

मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रोगाच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले, म्हणून त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ हे नाव मिळाले. ते आखूड का झाले याचा उलगडा १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी केला : ९ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी चिकटतात, आणि २२ क्रमांकाच्या वाट्याला लहान तुकडा येतो. पुढील दशकात असे दिसून आले की या अदलाबदलीमुळे बीसीआर आणि एबीएल ही मुळात दूर असलेली दोन जनुके शेजारी येऊन जोडली जातात आणि त्यांच्यापासून एक नवेच प्रथिन तयार होते. एबीएल हे मूळचे टायरोसिन कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा गट बसवून त्यांना कामाला लावणारे विकर. निरोगी पेशीत ते गरजेपुरतेच चालते आणि थांबते. जोडप्रथिनात मात्र ते थांबतच नाही. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर चिकटून बसावा आणि वाफे तुडुंब भरून बांध फुटले तरी पाणी चालूच राहावे, तशी अस्थिमज्जेतील मूळ पेशी पांढऱ्या पेशी तयार करीत राहते. हा बिघाड जन्मानंतर एखाद्या पेशीत घडतो. तो आईबापांकडून येत नाही, मुलांत उतरत नाही आणि स्पर्शाने लागतही नाही. रुग्णाचे ताट वेगळे ठेवणाऱ्या घरांत हे वाक्य पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

उपचारांचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. एकोणिसाव्या शतकात सोमलाचे द्रावण दिले जाई, १९५० नंतर बुसल्फान आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया या गोळ्यांनी पेशींची संख्या खाली आणता येऊ लागली, पण रोग पुढे सरकायचा थांबत नसे. तीन ते पाच वर्षांच्या संथ टप्प्यानंतर अपक्व पेशींचा उद्रेक होई, ज्याला ‘ब्लास्ट क्रायसिस’ म्हणतात, आणि त्यानंतर रुग्ण काही महिनेच जगे. १९८० च्या दशकात इंटरफेरॉनची इंजेक्शने आली. ती काहींना लागू पडत, पण सततचा ताप आणि अंगदुखी यांमुळे अनेकांना ती सोसत नसत. रोग मुळापासून जाण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण करून तो मार्ग भारतात खुला केला खरा, परंतु जुळणारा भाऊ किंवा बहीण, मोठा खर्च आणि प्रत्यारोपणातच दगावण्याचा धोका या तिन्ही गोष्टी पार करू शकणारे रुग्ण अगदी मोजके होते.

बाझलमधील सीबा-गायगी या कंपनीत निकोलस लायडन आणि त्यांचे सहकारी, तर अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठात डॉ. ब्रायन ड्रकर, यांच्या कामातून इमॅटिनिब हा रेणू पुढे आला. विकराला काम करण्यासाठी एटीपी हा ऊर्जावाहक रेणू ज्या खाचेत बसतो, तीच खाच इमॅटिनिब अडवते. १९९८ मध्ये रुग्णांवरील चाचणी सुरू झाली आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्तमान पूर्ववत झाल्याचे आढळले. पहिल्याच टप्प्याच्या चाचणीत असे आकडे कर्करोगतज्ज्ञांनी तोवर पाहिले नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. नंतर १,१०६ रुग्णांच्या ‘आयरिस’ या चाचणीत इमॅटिनिबची तुलना इंटरफेरॉनच्या उपचाराशी केली गेली, आणि इमॅटिनिबवर सुरुवात केलेल्या गटातील सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

येथपर्यंतची कथा प्रयोगशाळेची आहे. भारतात तिचा पुढचा भाग न्यायालयांत घडला, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सीबा-गायगी १९९६ मध्ये नोव्हार्टिसमध्ये विलीन झाली होती, आणि नोव्हार्टिसचे ‘ग्लिव्हेक’ भारतात महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडे, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८ ते १० हजारांत मिळे. हा फरक शक्य झाला तो १९७० च्या पेटंट कायद्यामुळे, कारण त्या कायद्यात औषध तयार करण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे, खुद्द औषधावर मिळत नसे. जागतिक व्यापार करारानुसार २००५ पासून औषधावरही पेटंट देणे भाग पडले. मात्र त्याच वेळी संसदेने कायद्यात कलम ३ (घ) घातले, ज्यानुसार माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप अधिक परिणामकारक असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्यास नवा शोध मानले जात नाही. नोव्हार्टिसचा अर्ज होता इमॅटिनिब मेसिलेट या क्षाराच्या ‘बीटा’ स्फटिकरूपासाठी. मधल्या काळात कंपनीला विक्रीचे एकाधिकार मिळाले होते आणि मद्रास उच्च न्यायालयाने काही भारतीय कंपन्यांना मनाईही केली होती, पण मुंबई उच्च न्यायालयाने मेहर फार्माविरुद्धच्या दाव्यात अंतरिम मनाई हुकूम देण्यास नकार दिला.

अर्जाला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही १९६९ पासून काम करणारी संस्था होती, आणि रुग्णांच्या संस्थेने पेटंटच्या तांत्रिक वादात पक्षकार म्हणून उभे राहणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, २००७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कलम ३ (घ) ला दिलेले आव्हान नाकारले, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळले. स्फटिकरूप शरीरात ३० टक्के अधिक शोषले जाते, हा कंपनीचा मुद्दा होता. न्यायालयाचे म्हणणे असे की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्यातील परिणामकारकता, आणि शोषण वाढल्याने रुग्णाला अधिक गुण येतो हे दाखवलेले नाही. या निकालाने सर्व औषधांची पेटंटे धोक्यात आली अशी ओरड झाली, ती अतिशयोक्त होती. खऱ्या अर्थाने नव्या रेणूंना भारतात पेटंट मिळत राहिले, आणि त्याचे परिणाम याच रोगाच्या पुढील औषधांत दिसले. न्यायाने वागायचे तर हेही नोंदवले पाहिजे की २००२ पासून नोव्हार्टिसच्या साहाय्य-कार्यक्रमातून मॅक्स फाउंडेशनच्या हस्ते हजारो भारतीय रुग्णांना ग्लिव्हेक विनामूल्य मिळाले, आणि त्या कामातून मुंबईत उभा राहिलेला ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा रुग्णांचा गट आजही चालतो. दान आणि हक्क या दोन्ही वाटांनी गोळी भारतात पोचली. टिकाऊ ठरली ती दुसरी वाट, हे आता मान्य करण्यास हरकत नसावी.

नव्या औषधांची गरज निर्माण झाली ती इमॅटिनिबला न जुमानणाऱ्या रोगामुळे. २००१ मध्येच चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने दाखवले की काही रुग्णांत विकराची घडण एखाद्या अमिनो आम्लाने बदलते आणि मग औषध खाचेत नीट बसत नाही. या बदलांतील सर्वांत चिवट बदल ३१५ व्या स्थानावरचा. तेथे थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन येते, म्हणून त्याला ‘टी३१५आय’ म्हणतात. अमेरिकेत डॅसॅटिनिबला २००६ मध्ये, निलोटिनिबला २००७ मध्ये आणि बोसुटिनिबला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. ही दुसऱ्या पिढीची औषधे बहुतेक बदलांवर चालतात, टी३१५आय वर मात्र चालत नाहीत. त्यासाठी मुद्दाम घडवलेले पोनॅटिनिब २०१२ अखेरीस आले, पण रोहिण्यांत गुठळ्या होण्याच्या धोक्यामुळे पुढच्याच वर्षी त्याची विक्री काही काळ थांबवावी लागली, आणि आजही ते हृदयविकाराचा धोका तोलूनच दिले जाते. २०२१ मध्ये मान्यता मिळालेले ॲसिमिनिब या सर्वांहून निराळे : ते एटीपीच्या खाचेत न शिरता विकराच्या दुसऱ्याच एका कप्प्यात बसते, जेथून निरोगी एबीएल स्वतःला आवरत असते, जोडप्रथिनात हरवलेला तो आवर औषध परत आणते.

यांपैकी एखादे औषध पहिल्या दिवसापासूनच का देऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब यांनी रोग अधिक लवकर आणि अधिक खोलवर दबतो, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत स्पष्ट झाले. नव्याने निदान झालेल्या ४०५ रुग्णांच्या २०२४ च्या चाचणीत ४८ आठवड्यांनंतर अपेक्षित पातळी गाठणारे ॲसिमिनिबच्या गटात ६७.७ टक्के, तर इतर औषधांच्या गटात ४९ टक्के होते. पण जगण्याच्या कसोटीवर चित्र बदलते. डॅसॅटिनिबच्या चाचणीत पाच वर्षांनंतर हयात असलेले ९१ टक्के, इमॅटिनिबच्या गटात ९० टक्के. एवढा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नव्हेच. ज्यांचा रोग निदानाच्या वेळीच जोखमीचा आहे, ज्यांना इमॅटिनिब सोसत नाही किंवा ज्यांच्यात ते निष्प्रभ ठरले आहे, त्यांच्यासाठी नवी औषधे अपरिहार्य होत, आणि उरलेल्या बहुसंख्यांसाठी जुनी स्वस्त गोळी आजही पुरेशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही इमॅटिनिब आधी, २०१५ मध्ये आले. डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब २०१७ मध्ये आले ते इमॅटिनिब न चालणाऱ्यांसाठी म्हणून. डॅसॅटिनिबवर भारतात पेटंट होते, आणि २०१३ मध्ये मुंबईच्या बीडीआर फार्मास्युटिकल्सने मागितलेला सक्तीचा परवाना नाकारला गेला. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर भारतीय बनावटीच्या गोळ्या मोकळेपणाने येऊ लागल्या. नेहमीच्या १०० ऐवजी ५० मिलिग्रॅमची रोजची मात्रा अनेकांना पुरते आणि फुप्फुसाभोवती पाणी साचण्याचा त्रासही कमी होतो, असे ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्राच्या अभ्यासांत दिसले आहे; गरीब देशांच्या दृष्टीने हा निष्कर्ष एखाद्या नव्या रेणूपेक्षा कमी मोलाचा नाही.

आता मुकुटबनकडे वळता येईल. झरी-जामणी तालुक्यातील, माजरी-आदिलाबाद लोहमार्गावरचे हे गाव कापूस, कोळसा आणि अलीकडे सिमेंट यांवर चालते. पैनगंगेपलीकडे तेलंगण सुरू होते, आणि गावाच्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामी कानावर पडते. दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे एक नवा रुग्ण, हे या रोगाचे ढोबळ प्रमाण मानले, तर २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २७ लाख ७२ हजार वस्तीच्या यवतमाळ जिल्ह्यात वर्षाला पंचवीस-तीस रुग्ण निघावेत. पाश्चात्त्य देशांत हा साठीच्या आसपासचा आजार आहे, तर भारतीय रुग्णालयांतील नोंदींत रुग्णांचे मध्यम वय चाळिशीच्या आतबाहेर दिसते. म्हणजे शेतावर आणि खाणीत राबणाऱ्या वयातच तो गाठतो. सुरुवातीला थकवा, वजन उतरणे, रात्रीचा घाम आणि डाव्या बरगडीखाली जडपणा एवढेच असते. हा जडपणा प्लीहेचा, म्हणजे खेड्यात जिला पानथरी म्हणतात तिचा. आणि हिवताप व सिकलसेल या दोन्हींचा वावर असलेल्या या पट्ट्यात वाढलेली पानथरी पाहून कोणाला कर्करोग आठवत नाही. निदानाची पहिली पायरी मात्र अगदी स्वस्त आहे. साध्या रक्तमोजणीच्या कागदावर पांढऱ्या पेशी ४ ते ११ हजारांऐवजी एक-दोन लाख लिहिलेल्या दिसतात, आणि वणीतल्या एखाद्या लहान प्रयोगशाळेतला तंत्रज्ञही काचपट्टीवर सर्व वयाच्या पेशींची गर्दी पाहून नागपूरचा रस्ता दाखवू शकतो.

या भागात एक शंका हटकून विचारली जाते, ती कपाशीवरच्या फवारणीची. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यामुळे ती स्वाभाविकही आहे. त्या मृत्यूंमागे होती तीव्र विषबाधा. सीएमएलच्या बाबतीत ठामपणे सिद्ध झालेले बाह्य कारण एकच, आयनकारी प्रारण, जे हिरोशिमा-नागासाकीतील वाचलेल्यांच्या अभ्यासांतून समोर आले. फवारणीत तोंड-हात झाकण्याची कारणे भरपूर आहेत. हा रोग त्यांत मोडत नाही.

निदानानंतर गोळी मिळते. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू होऊन पुढे राज्यभर पसरलेल्या, आणि आता महात्मा जोतिराव फुले यांचे नाव असलेल्या जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या औषधोपचारांचा समावेश आहे. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय ही या भागातील रुग्णांची ठिकाणे. प्रश्न त्यानंतर सुरू होतो. गोळी काम करते आहे की नाही हे रुग्णाच्या तोंडावर दिसत नाही, आणि साध्या रक्तमोजणीतही पुरेसे कळत नाही. त्यासाठी दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलचे प्रमाण मोजावे लागते. कोविडच्या काळात घराघरांत पोचलेले आरटी-पीसीआर हेच तंत्र येथे वापरतात. हे प्रमाण तीन महिन्यांत १० टक्क्यांवर, सहा महिन्यांत १ टक्क्यावर आणि वर्षभरात ०.१ टक्क्यावर किंवा त्याखाली यावे, अशी आंतरराष्ट्रीय अपेक्षा आहे. ते तसे आले नाही तर आधी गोळ्या नियमित घेतल्या का हे विचारायचे, मग विकरातील बदल तपासायचा आणि त्यावरून दुसरे औषध निवडायचे. ही तपासणी न झालेल्या रुग्णाला नवे औषध कधी अकारण मिळते आणि कधी, जे अधिक घातक, वेळ निघून गेल्यावर मिळते.

अडचण नमुन्याच्या प्रकृतीत आहे. या तपासणीत मोजला जाणारा आरएनए फार नाजूक असतो. जांभळ्या टोपणाच्या नळीतले रक्त साधारण एक-दोन दिवसांत, थंड राखून, प्रयोगशाळेत पोचले नाही तर त्याचे विघटन होते आणि आकडा खोटाच कमी येऊ शकतो. मे महिन्यातील विदर्भाच्या उन्हात मुकुटबनहून निघालेली नळी एसटीने वणी, तेथून नागपूर आणि कुरिअरने मुंबई असा प्रवास करील, तर तिच्या निकालावर किती विसंबावे हा प्रश्नच आहे. म्हणून रुग्णालाच नागपूरला जावे लागते, आणि जाण्यायेण्यात एक दिवसाची मजुरी बुडते. येथे एक व्यवहार्य वाट दिसते. क्षयरोगाच्या निदानासाठी सरकारने ठिकठिकाणी बसवलेली ‘सीबीनॅट’ यंत्रे ज्या कंपनीची आहेत, तिनेच त्या यंत्रांत चालणारे बीसीआर-एबीएलचे काडतूसही तयार केले आहे, आणि त्याचा निकाल काही तासांत मिळतो. रक्ताचा थेंब कागदावर वाळवून टपालाने पाठवण्याची पद्धतही मॅक्स फाउंडेशनने सिअ‍ॅटलच्या संशोधकांबरोबर काही देशांत वापरात आणली आहे. नव्या महागड्या औषधासाठी निधी मागण्याआधी जिल्ह्याला अशी एक सोय मागितली, तर अधिक रुग्णांचे भले होईल.

नियमितपणाचे मोल किती, हे लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाने २०१० मध्ये मोजून दाखवले. गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात नकळत नोंद ठेवणारी यंत्रणा बसवून ८७ रुग्णांवर केलेल्या या अभ्यासात, ९० टक्क्यांहून अधिक मात्रा घेणाऱ्यांपैकी जवळजवळ ९५ टक्के जणांनी सहा वर्षांत ०.१ टक्क्याची पातळी गाठली, तर त्याहून कमी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. महिन्याच्या तीस गोळ्यांतील तीनपेक्षा जास्त चुकल्या की माणूस दुसऱ्या गटात जातो. श्रावणात आणि नवरात्रात उपवासाला गोळी टाळणे, डोळ्यांभोवती सूज आली किंवा रात्री पोटऱ्यांत गोळे आले म्हणून ती आपल्या मनाने बंद करणे, त्वचा उजळू लागली म्हणून घाबरणे, हे सारे त्या तीनांत येते. निलोटिनिबचे पथ्य तर उलटे : ते उपाशीपोटी, दिवसातून दोनदा, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही न खाता घ्यायचे असते, आणि पहाटे न्याहारी करून वेचणीला जाणाऱ्या बाईच्या दिनक्रमात हे कसे बसवायचे याचा विचार औषध लिहून देताना क्वचितच होतो. इतर औषधांची गाठही तितकीच महत्त्वाची. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन चालू असताना इमॅटिनिबचे रक्तातील प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांशाने घटते, आणि दुकानातून मागून घेतल्या जाणाऱ्या आम्लपित्ताच्या गोळ्यांनी डॅसॅटिनिबचे शोषण खालावते. म्हणून कोणत्याही आजारासाठी कोणत्याही डॉक्टरकडे गेले तरी रुग्णाने आपल्या गोळीचे पाकीट दाखवावे.

शेवटचा मुद्दा गोळी थांबवण्याचा, जो भारतात विशेष जिव्हाळ्याचा आहे, कारण येथील रुग्ण तरुण आहेत आणि ही औषधे गरोदरपणात घेता येत नाहीत. फ्रान्समधील २०१० च्या अभ्यासात दोन वर्षे रोग तपासणीत अजिबात न सापडलेल्या १०० रुग्णांची गोळी थांबवली, तेव्हा सुमारे चाळीस टक्क्यांचा रोग परतला नाही. युरोपातील ७५० हून अधिक रुग्णांच्या पुढील अभ्यासात दोन वर्षांनंतर निम्मे रुग्ण औषधाविना ठीक होते. ज्यांचा रोग परतला तो बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत परतला, आणि गोळी पुन्हा सुरू करताच जवळजवळ सर्वांत आटोक्यात आला. नवी औषधे रोग अधिक खोल दाबत असल्याने असे थांबवणे अधिक जणांना शक्य होईल, ही त्यांच्या बाजूने असलेली सर्वांत वजनदार बाब होय. पण या प्रयोगाची अट अशी की पहिले सहा महिने दरमहा तपासणी व्हावी आणि तिचा निकाल दिवसांत हाती यावा. नागपुरात राहणाऱ्या रुग्णाला हे आज जमू शकते. मुकुटबनच्या तरुणीला मूल हवे असेल, तर तिच्या डॉक्टरांनी गोळी थांबवण्याआधी त्या सहा नमुन्यांची वाहतूक, खर्च आणि तारखा कागदावर लिहून घ्याव्यात, आणि ते जुळत नाही तोवर गोळी चालू ठेवावी.